ॲरन डोनाल्डचे सॅक फक्त १११, मग लोक त्याला सगळ्यात भारी का म्हणतात?

चौथा_डाऊन

मंडळी नमस्कार, प्रश्न बाळबोध वाटेल पण विचारतोच. अमेरिकन फुटबॉल मी गेली पाच-सहा वर्षं बघतोय, म्हणजे बघतोय कसला, रविवारी टीव्ही चालू असतो आणि मी समोर असतो. क्वार्टरबॅक कळतो, तो बॉल फेकतो, रिसीव्हर कळतो, तो झेलतो, बॉल कुणाकडे आहे ते कळतं. पण स्नॅप झाल्यावर, म्हणजे सेंटरने बॉल मागे देऊन खेळ सुरू केला की, मधे जो ढीग होतो ना, सव्वाशे-दीडशे किलोची माणसं एकमेकांवर आदळतात, त्यात कोण भारी खेळलं आणि कोण नुसताच ढकलला गेला हे मला आजपर्यंत एकदाही कळलेलं नाही.

तर झालं असं की ऑफिसात जेवताना विषय निघाला, आजवरचा ग्रेट डिफेन्सिव्ह लाइनमन (त्या ढिगातला बचावाकडचा गडी) कोण, आणि टेबलावरचे चारही जण एका सुरात ॲरन डोनाल्ड. घरी येऊन आकडे बघितले. सॅक म्हणजे बॉल फेकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं, एवढं मला कळतं. ब्रूस स्मिथचे सॅक २००, रेजी व्हाइटचे १९८ आणि या डोनाल्डचे १११. अरे निम्म्याच्या जरासे वर! दहाच सीझन खेळला, सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, एकच जिंकला, उंची सहा फूट एक इंच आणि वजन २८० पाउंड, जे त्या जागेवर म्हणे किरकोळीत धरतात. आणि मार्च २०२४ मधे, वय वर्षं ३२, चांगला खेळत असताना, पुढच्या वर्षाच्या पैशांवर पाणी सोडून घरी बसला.

मला दोन गोष्टी सांगा. १११ वाला २०० वाल्यापेक्षा मोठा कसा? आणि एवढं सगळं छान चाललेलं असताना माणूस सोडतो कशाला? फॅनगिरी नको प्लीज, कळेल असं सांगा.

खांद्याला_खांदा

भागाकार केलात का? ब्रूस स्मिथ १९ सीझन खेळला, २७९ मॅचेस. डोनाल्ड १५४. आता भागा. स्मिथचे मॅचमागे ०.७१७ येतात, डोनाल्डचे ०.७२१. म्हणजे तुमचा निम्म्यावाला गडी केसभर का होईना पुढेच आहे. रेजी व्हाइट मात्र २३२ मॅचमधे १९८, म्हणजे ०.८५, त्याच्याबाबतीत मी वादच घालणार नाही, तो माणूस वेगळाच होता.

पण खरी गोम पुढे आहे, सॅक किती यापेक्षा ते कुठून आले. ऑफेन्सचे, म्हणजे बॉल असलेल्या टीमचे, पाच लाइनमन असतात, मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. सॅकचे डोंगर उभे करणारे बहुतेक जण कडेवर उभे राहतात, समोर एक टॅकल आणि बाहेर सगळं मैदान मोकळं, पळत वळसा घालायचा नि मागून क्वार्टरबॅकला गाठायचं. सोपं नाहीये पण निदान जागा तरी असते. स्मिथ आणि व्हाइट मुख्यतः एन्ड, कडेचे. डोनाल्ड आतला. गार्डच्या बाहेरच्या खांद्यासमोर उभा राहायचा, त्याला थ्री-टेक्निक म्हणतात, तिथून एका हाताला सेंटर, दुसऱ्या हाताला टॅकल, समोर गार्ड, आणि वळसा घालायला गेलात की सरळ दुसऱ्याच्या कुशीत. असल्या जागेवरून २०१८ मधे त्याने साडेवीस सॅक काढले. आतल्या लाइनमनने एका सीझनमधे तेवढे त्याआधी कधीच काढले नव्हते.

आणि आतून येणारा माणूस क्वार्टरबॅकला जास्त सतावतो. कडेने कुणी आला तर क्वार्टरबॅक दोन पावलं पुढे सरकतो आणि आरामात फेकतो. आतूनच आला तर पुढे सरकायला जागाच नाही, तोंडासमोर माणूस.

तुम्हाला ढीग कळत नाही ना, मग एक काम करा, फेब्रुवारी २०२२ चा सुपर बोल काढा, डोनाल्डची रॅम्स विरुद्ध बेंगल्स, आणि बेंगल्सचे फक्त शेवटचे दोन डाऊन बघा (डाऊन म्हणजे एकेक प्रयत्न, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं). रॅम्स २३-२० पुढे, एक मिनिटाच्या आत वेळ उरलेला, बेंगल्सला एक यार्ड हवाय. एक यार्ड! तिसऱ्या डाऊनला बॉल रनिंगबॅककडे, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याकडे, डोनाल्ड आपल्या ब्लॉकमधे अडकलेलाच आहे पण एक हात बाहेर काढून त्याला मागून धरतो आणि जागच्या जागी थांबवतो, शून्य यार्ड. चौथ्या डाऊनला पास. स्नॅप झाल्यावर डोनाल्ड गार्डच्या बगलेतून कधी निघून गेला ते नॉर्मल स्पीडला दिसतसुद्धा नाही, त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो, त्याला पकडून त्याने गरागरा फिरवला, बरोने पडता पडता बॉल कसातरी भिरकावला, बॉल जमिनीवर, मॅच खलास. मग डोनाल्ड हेल्मेट काढून अंगठीचं बोट दाखवत पळतोय.

आता गंमत बघा. हिशेबाच्या वहीत त्या शेवटच्या प्लेला काय लिहिलं गेलं? अपूर्ण पास. सॅक नाही. म्हणजे त्याच्या अख्ख्या करिअरमधला सगळ्यात मोठा प्ले तुमच्या त्या १११ मधे नाहीच आहे.

मुकी_शिट्टी

+१. त्या मॅचमधे रॅम्सचे एकूण ७ सॅक होते, त्यातले डोनाल्डचे २. बाकीचे ५ बघताना प्रत्येक वेळी डोनाल्डवर किती जण लटकलेत ते मोजा, मजा येते.

अवांतर: सॅक हा शब्दच एका लाइनमनने आणला, डीकन जोन्स, तोसुद्धा रॅम्सचाच. १९६१ च्या ड्राफ्टमधे (टीम आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) चौदाव्या राउंडला घेतलेला गडी, आता तर ड्राफ्ट सातच राउंडचा असतो. स्नॅप होताच समोरच्याच्या हेल्मेटवर कानशिलात ठेवून द्यायचा आणि तो डोळे मिटेपर्यंत पसार. १९७७ ला लीगने त्या चापटीवर बंदीच घातली. आणि सॅकची अधिकृत मोजदाद १९८२ पासून, त्यामुळे ज्याने शब्द दिला त्याच्या नावावर अधिकृत सॅक शून्य.

चौथा_डाऊन

बघितले ते दोन डाऊन. तिसरा डाऊन चार वेळा बघावा लागला तेव्हा तो हात दिसला. मग हे सगळं मोजायची काही सोय नाही का? एकावर दोघं लावले तर कुणीतरी लिहून ठेवत असेल ना?

खांद्याला_खांदा

हल्ली आहे. खेळाडूंच्या शोल्डर पॅडमधे चिप असतात, कोण कुठे किती वेगाने गेला सगळं कळतं. त्यावरून ईएसपीएन चॅनल पास रश विन रेट काढतं, म्हणजे स्नॅपपासून अडीच सेकंदांत समोरच्याला पार केलं की जिंकलात, मग सॅक होवो न होवो. डबल टीमचाही हिशेब लागतो. त्या यादीत डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे आतल्या लोकांमधे डोनाल्ड वर्षानुवर्षं वरती असायचा आणि तेही सतत दोघं अंगावर असताना. साधा विचार करा, पाचातले दोघं एका माणसावर खर्च झाले की उरले तीन, आणि डिफेन्सचे अजून तीन जण येतच आहेत.

जुना_जांभळा

मी १९९४ पासून मिनेसोटात आहे त्यामुळे नावावरून समजलं असेलच माझी टीम कुठली, जांभळ्या जर्सीवाले व्हायकिंग्ज (हसू नका, आम्ही चार सुपर बोल खेळलो आणि चारही हरलो, माहितीये).

डोनाल्ड भारी आहे याबद्दल काही म्हणणं नाही पण नवीन पोरांनी आजवरचा वगैरे शब्द जपून वापरावा. ॲलन पेज हे नाव इथे अजून कुणी काढलं नाही याचंच आश्चर्य वाटतं. व्हायकिंग्जचा डिफेन्सिव्ह टॅकल, आतलाच, डोनाल्डसारखा. १९६७ चा ड्राफ्ट, नॉट्र डेमचा. १९७१ मधे लीगचा एमव्हीपी, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळाडू झाला. डिफेन्सच्या माणसाला ते बक्षीस त्याआधी कधी मिळालं नव्हतं, आणि नंतर मिळालं ते १९८६ ला लॉरेन्स टेलरला. डोनाल्ड डिफेन्समधला बेस्ट तीनदा झाला, २०१७, २०१८, २०२०, पण एमव्हीपी एकदाही नाही. पेजचे सॅक जुन्या फिल्म बघून लोकांनी मोजलेत, १५० च्या जरा खाली भरतात, पण १९८२ च्या आधीचे म्हणून अधिकृत यादीत पत्ता नाही. तो १९८१ ला थांबला. एका वर्षाने हुकलं.

मी त्याला खेळताना पाहिलेलं नाही, आधी ओळखलं ते जज म्हणून. खेळता खेळताच मिनेसोटा युनिव्हर्सिटीतून लॉ केलं, १९७८ ला डिग्री घेतली, आणि १९९३ मधे आमच्या राज्याच्या सुप्रीम कोर्टावर गेला, तिथला पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश, सत्तरीला रिटायर होईपर्यंत तिथेच. बो टाय लावायचा. ट्विन सिटीज मॅरेथॉनच्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभं राहून पळणाऱ्यांसाठी ट्युबा वाजवायचा, मी स्वतः पाहिलंय, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बायकोला म्हटलं हा एवढा मोठा बँडवाला कोण आहे, तर शेजारचा गृहस्थ माझ्याकडे असा काही बघायला लागला की विचारू नका.

आणि पळण्यावरूनच त्याचं बिनसलं बरं का. पेजला लांब पळायची आवड लागली, वजन २४५ च्या आसपास होतं ते उतरत २२५ च्या घरात आलं. टीम म्हणाली लाइनमनला हे चालत नाही. १९७८ मधे सीझन चालू असताना काढून टाकला, शिकागो बेअर्सनी १०० डॉलरला उचलला. शंभर! वेव्हरची, म्हणजे दुसऱ्याने काढलेला खेळाडू उचलायची, फीच तेवढी होती. तिथे तो अजून तीन सीझनच्या वर खेळला.

एक छोटी गोष्ट सांगून थांबतो. पेज ओहायोतल्या कँटनचा. शाळा संपल्यावर कँटनमधे बांधकामाच्या मजुरीवर होता, तर ते बांधकाम होतं प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमचं. १९८८ ला त्याच इमारतीत त्याचा पुतळा बसला.

मुकी_शिट्टी

काका एक नंबर. तो १०० डॉलरचा किस्सा माहीत नव्हता.

मर्लिन ओल्सनला पण विसरू नका. डीकन जोन्सच्या शेजारी खेळायचा, १५ सीझनमधे १४ प्रो बोल (त्या वर्षीच्या निवडक खेळाडूंत नाव), आणि नंतर टीव्हीवर गरीब स्वभावाचा दाढीवाला माणूस म्हणून घराघरात पोचला.

वहीखातं

दुसऱ्या प्रश्नाचं कुणी नाव घेईना म्हणून मी घेतो. मी अमेरिकेत टॅक्सचं काम करतो.

डोनाल्डच्या पैशांचा प्रवास असा. २०१४ ला सेंट लुइस रॅम्सनी १३ व्या नंबरवर घेतला, चार वर्षांचे साधारण एक कोटी डॉलर. १३ वा का, तर बुटका म्हणून. कंबाइनमधे, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणीत, हा पठ्ठा ४० यार्ड ४.६८ सेकंदांत पळाला, २२५ पाउंडाची बेंच ३५ वेळा मारली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीकडून डिफेन्सची जी काही मोठी बक्षिसं असतात ती सगळी घरी आणली, तरी उंची कमी म्हणून त्याच्याआधी दुसरे बारा जण घेतले गेले. पहिल्याच वर्षी डिफेन्समधला बेस्ट रूकी, म्हणजे नवखा.

मग २०१६ ला टीमच लॉस एंजेलिसला गेली. २०१७ ला हा म्हणाला कराराची किंमत वाढवा, नाही वाढवली तर अख्ख्या कॅम्पला आलाच नाही, पहिली मॅच बुडवली, आणि तरीही त्या वर्षी लीगचा बेस्ट डिफेन्सिव्ह प्लेयर. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, कॅम्पला गैरहजर. शेवटी ३१ ऑगस्ट २०१८ ला सहा वर्षांचे साडेतेरा कोटी डॉलर, त्यातले ८.७ कोटी गॅरंटीड, डिफेन्सच्या माणसाला तोपर्यंत कुणी दिले नव्हते तेवढे. तो विक्रम किती टिकला, तर एक दिवस, दुसऱ्या दिवशी खलील मॅकला शिकागोने १४.१ कोटी दिले. सुपर बोल जिंकल्यावर २०२२ ला करार पुन्हा लिहिला, तीन वर्षांचे साडेनऊ कोटी, पण कलम असं की दोन वर्षं खेळून थांबायचं असेल तर थांब, तिसऱ्या वर्षी आलास तर तीन कोटी. तो दोन वर्षं खेळला आणि थांबला. म्हणजे पाणी सोडलं ते तीन कोटींवर, हो, पण ते दार त्याने करारातच आधी उघडं ठेवून घेतलं होतं. घाईत घेतलेला निर्णय वाटत नाही मला.

बाकी का सोडलं, तर २०२२ ला घोट्याची दुखापत, ११ मॅचच खेळला, ५ सॅक. २०२३ ला परत आला, ८ सॅक, पुन्हा ऑल-प्रो, म्हणजे लीगच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम संघात. दहाच्या दहा वर्षं प्रो बोल. पोटभर जेवलेला माणूस ताटावरून उठतो तसा उठला, एवढंच.

पण मला बोलायचंय ते वेगळंच. डोनाल्ड बघून या धंद्याचा अंदाज बांधू नका. एका सीझनला माझ्याकडे एक पोरगा आला होता रिटर्न भरायला, डिफेन्सिव्ह टॅकल, नाव अर्थातच सांगत नाही, ड्राफ्टमधे कुणी घेतला नव्हता, सीझनआधीच्या कॅम्पला बोलावलेला. कॅम्पला ९० जण असतात आणि ऑगस्ट संपता संपता ५३ ठेवतात. ज्यांना काढतात त्यांना सकाळी कुणीतरी येऊन सांगतं, कोच बोलावतोय, आयपॅड घेऊन ये. आयपॅड म्हटलं की समजायचं, कारण प्लेबुक त्यात असतं आणि ते परत घेतात. हा सांगत होता की त्या मंगळवारी रूममेट आंघोळीला गेलेला आणि दारावर टकटक झाली, तो माणूस दारात उभा, आणि दोघांनाही कळेना बोलावणं नक्की कुणाला आहे. होतं याला.

नंतर त्याला दुसऱ्या टीमने प्रॅक्टिस स्क्वाडवर, म्हणजे सरावाच्या राखीव गटात घेतलं. २०२४ ला त्याचे नवख्याला आठवड्याला १२,५०० डॉलर, अठरा आठवडे ठेवलं तर सव्वादोन लाख, पण अठरा आठवडे ठेवतील याची गॅरंटी नाही, मंगळवार दर आठवड्याला येतोच. ५३ मधे असता तर त्याच वर्षी अगदी नवख्यालाही कमीत कमी ७ लाख ९५ हजार. आणि लीगचं पेन्शन लागू व्हायला तीन सीझन भरावे लागतात, एकेक सीझन धरायला किमान तीन मॅच रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत. त्याचे दोन भरलेले. तिसऱ्यासाठी तो कुठेही जायला तयार होता, गुडघ्यातून पाणी काढून घेऊन. त्यात ज्या ज्या राज्यात काम केलं त्या त्या राज्यात रिटर्न. त्याची फाइल माझ्या डॉक्टर क्लायंटपेक्षा जाड आणि हातात उरलेले पैसे त्याच्यापेक्षा कमी.

चौथा_डाऊन

हे वाचून जरा गप्पच झालो. खरं सांगतो, प्रश्न विचारायचं कारण ऑफिस नव्हतंच, म्हणजे तो वाद झाला, पण खरं कारण घरात आहे. पुतण्या सोळा वर्षांचा, हायस्कूलच्या टीममधे नोज म्हणून खेळतो, म्हणजे सेंटरच्या अगदी समोर. उंची पाच फूट दहा, वजन २२० पाउंड. कोच म्हणाला पुढच्या ऑगस्टपर्यंत २५० कर नाहीतर व्हार्सिटीला (शाळेच्या मुख्य टीममधे) बसून राहशील. पोराने भिंतीवर डोनाल्डचं पोस्टर लावलंय, तो पण बुटकाच होता काका असं दिवसातून दोनदा ऐकवतो, आणि रात्री अकरा वाजता पीनट बटरची बरणी चमच्याने खातो. वहिनी वैतागलीय, दादा म्हणतो तू फुटबॉल बघतोस ना, तू समजाव. मी काय कपाळ समजावू, मला ढीग कळत नाही.

खांद्याला_खांदा

आधी सांगायचं होतंत की राव!

मी ओहायोत वाढलो, हायस्कूलला दोन वर्षं नोज खेळलो, २२५ चा होतो, त्यामुळे जरा आतली गोष्ट सांगतो. त्या जागेवर उंची कमी असणं हा तोटा नाहीच. तिथे सगळा खेळ कोण खाली आहे याचा. ज्याचे पॅड खाली तो जिंकला. समोरचा सहा फूट चारचा असेल तर त्याला वाकावं लागतं, तुमचा पुतण्या आधीच खाली आहे. डोनाल्डची अर्धी जादू हीच होती, बाकीची अर्धी हातांची. ऑफ सीझनला चाकू घेऊन प्रॅक्टिस करायचा, खोटे चाकू बरं का, समोरच्या ट्रेनरच्या हातात चाकू आणि हा ते हात झटकून टाकतोय, का तर गार्डचे हात अंगावर पडायच्या आत उडवायची सवय.

आणि वजनाचं म्हणाल तर मी २२५ वरून २५५ केलं होतं एका उन्हाळ्यात. पहिली प्रॅक्टिस, कोच म्हणाला वा, दिसतोस तगडा. मग बॉल हलला आणि मी हललो त्याच्या नंतर. आधी सेंटरने बॉल उचलायला बोटं आवळली की मला कळायचं, बोटांची पेरं पांढरी व्हायची त्याच्या, आणि मी सुटायचो. ते कळणं गेलं नव्हतं, पाय उशीर करत होते. तीस पाउंड मी सेंटरला घाबरवायला घेतले आणि सेंटरला तर बरंच वाटलं.

पुतण्याला विचारा, स्नॅपच्या वेळी कुठे बघतो? क्वार्टरबॅकच्या आवाजाकडे कान देत असेल तर चुकतोय, तो आवाज फसवायलाच असतो. बॉलकडे बघायचं.

दोन_मुलांची_आई

मी फिजिकल थेरपिस्ट आहे, फुटबॉल मला आवडत नाही हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी चिडायला नको.

वहिनींना म्हणावं पोराला आधी त्याच्या डॉक्टरकडे न्या. वाढत्या वयात वजन वाढतंच, ते वाढू द्यावं, पण आठ-दहा महिन्यांत तीस पाउंड म्हणजे त्यातलं बरंचसं स्नायू नसणार, गुडघे आणि पाठ कुणाची आहे याचा कोच विचार करत नाही. कोचला सरळ विचारा की वजन हवंय की ताकद, आणि ताकद हवी असेल तर वेट रूमचा कार्यक्रम कोण आखणार. रात्रीची पीनट बटरची बरणी आधी बंद.

दुसरं, डोक्याचं. लाइनमनला एकच मोठी धडक बसत नाही, छोट्या छोट्या बसतात, प्रत्येक स्नॅपला. २०१७ मधे बोस्टन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी एनएफएल, म्हणजे याच लीगमधे खेळून गेलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले, ११० मधे सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार बसलेल्या धडकांशी जोडलेला मेंदूचा आजार, सापडला. योगायोग बघा, तुमच्या धाग्याच्या नावातलाच आकडा. हे मेंदू घरच्यांनी दान केलेले, बहुतेकांना आधीच काहीतरी जाणवत होतं म्हणून दिलेले, त्यामुळे सगळ्या खेळाडूंचं असंच होतं असा अर्थ काढू नका, तेवढं मीही म्हणणार नाही. पण प्रॅक्टिसला आठवड्यातून किती दिवस अंगावर जातात हे विचारायला काय हरकत आहे? आणि पोरगा डोकं दुखतंय म्हणाला तर त्याला कुणी चिडवत नाही ना, हेही.

जुना_जांभळा

ताईंशी सहमत. आणि पोराला पेजची गोष्ट सांगाच, वजन उतरवून बेअर्सकडे खेळलेला माणूस.

वहीखातं

डोनाल्डचीही सांगा पण पोस्टरवर नसलेली. हा लहानपणी अंगाने जाड आणि आळशी होता, बापाने पिट्सबर्गच्या घरात तळघरात वजनं मांडली होती, बारा वर्षांचा असल्यापासून पहाटे साडेचारला दोघं तिथे, मग पोरगा शाळेत आणि बाप कामावर. वर्षानुवर्षं. तेव्हा काका, तुम्ही साडेचारला उठणार का?

चौथा_डाऊन

साडेचारचं मी दादाकडे ढकललंय :)

काल पुतण्याकडे गेलो होतो. भाषण नाही दिलं. लॅपटॉपवर तो तिसरा डाऊन लावला आणि विचारलं, तुझ्या डोनाल्डचा हात शोध. मला चार वेळा बघावं लागलेलं, त्याला पहिल्याच वेळी दिसला, वर म्हणतो काका हाताचं सोडा, त्याचे पाय बघा, ब्लॉकमधे असूनही पाय चालूच आहेत. मग चौथा डाऊन लावला, तर पॉज करून सेंटरच्या हातावर बोट ठेवलं. मी म्हटलं तू स्नॅपला कुठे बघतोस? जरा वेळ बोलला नाही, मग म्हणाला, क्वार्टरबॅक ओरडतो त्याच्याकडे.

डॉक्टरची अपॉइंटमेंट गुरुवारची आहे, वहिनीने घेतली. कोचला भेटायला दादा आणि मी दोघं जाणार आहोत, प्रॅक्टिसला अंगावर किती दिवस जातात ते विचारायची जबाबदारी माझ्यावर आलीय. बरणी फडताळाच्या वरच्या कप्प्यात गेलीय, पण पाच फूट दहाचा पोरगा आहे, हात पोचतो त्याचा तिथे.